एकशे अठ्ठावीस फूट तार

मला ती खोली मिळाली गोफणीमुळे.

इंदापूरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवायला लागून मला आठवडाच झाला होता. कळसहून रोजची ये-जा झेपेना. कुणीतरी सांगितलं, वरकुट्याच्या वाटेला तारखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, नवरा-बायको दोघंच राहतात, माडीवरची खोली रिकामी आहे. सांगणाऱ्याने कानशिलाजवळ बोट फिरवलं आणि म्हणाला, "माणूस जरा असा आहे. पण सरळ आहे."

मी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सोबत घेऊन गेले. घरासमोर मोठा लिंब होता आणि त्याच्याखाली सत्तरीचा एक उंच माणूस गोफण फिरवत होता. दगडाला नायलॉनची दोरी बांधलेली. दगड सुटला, फांदीला चुकला आणि शेळीच्या गोठ्याच्या पत्र्यावर धाडकन आदळला. घरातून बाईचा आवाज आला, "पाडा, पत्र्याला बी भोक पाडा. तेवढंच ऱ्हायलंय."

त्यांनी पुन्हा दगड बसवला. तोही चुकला. मला राहवेना. लहानपणी आमच्या जोंधळ्यावरची पाखरं मीच हाकलायचे. मी ओढणी कमरेला खोचली आणि म्हटलं, "द्या इकडं." एका फेकीत दगड शेंड्याजवळच्या बेचक्यातून पार झाला आणि दोरी घेऊन पलीकडे उतरला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, बेचक्याकडे पाहिलं. मग विचारलं, "खोली बघायला आला का? मिक्सर हाय का तुमच्याकडं?"

"नाही."

"टीव्ही?"

"नाही."

"मोबाईलचा चार्जर चांगल्या कंपनीचा हाय, का बाजारातला?"

दादा माझ्याकडे बघायला लागले.

"पहाटं पाच ते साडेसहा चार्जर लावायचा न्हाय. बाकी काय बी करा. किल्ली तिच्याकडं हाय."

परतताना दादांनी एकदा वळून लिंबाकडे पाहिलं. मग म्हणाले, "माणूस बरा दिसतोय. जात विचारली न्हाय, चार्जर विचारला."

गावात त्यांना तारवाले आबा म्हणत. मी त्यांना सर म्हणायचे, कारण शिकवणाऱ्याला सर म्हणायचं एवढंच मला माहीत होतं. ते हौशी रेडिओवाले होते. सरकारचा परवाना काढून, स्वतःचं यंत्र आणि स्वतःची तार उभारून दूरच्या माणसांशी बोलणारे. त्यातही त्यांचा जीव रेडिओलहरींच्या खालच्या पट्ट्यांवर, मुख्यतः ऐंशी मीटरच्या लहरींवर. वरच्या पट्ट्यांना दोन-तीन वाव तार पुरते. ऐंशी मीटरला एकशे अठ्ठावीस फूट लागते. मधोमध घराशेजारचा लोखंडी पाइप, एक टोक बांधावरच्या निलगिरीला, दुसरं टोक शेतवाटेच्या पलीकडच्या लिंबाला. लिंब वाऱ्याने हलतो, म्हणून त्या टोकाची दोरी कप्पीवरून घेऊन तिला वाळू भरलेला तेलाचा डबा लटकवलेला. वारा आला की डबा वर-खाली व्हायचा. सर ओट्यावर बसून त्या डब्याकडे बघत चहा प्यायचे.

"तार ताठ बांधली की तुटती," ते म्हणत. "डब्यावर सोडली की ऱ्हाती."

त्यांची बायको, माझ्या काकू, आतून म्हणत, "मला बी एक डबा बांधा. मी बी ऱ्हाईन."

तार शेतवाटेवरून गेल्यामुळे ऊसतोडीच्या हंगामात सरांना दुसरी नोकरी लागायची. कारखान्याकडे निघालेली ट्रॉली उंच भरलेली असली, की वरचा ऊस तारेला अडकायचा. एकदा तार तुटल्यापासून सरांनी एक लांब बांबू केला होता, टोकाला पाण्याची अर्धी कापलेली बाटली बसवून. ट्रॅक्टरचा आवाज आला की जेवणावरून उठायचे, वाटेवर जाऊन बांबूने तार वर उचलून धरायचे. ट्रॉलीवाले लांबूनच हॉर्न वाजवत आणि ओरडत, "आबाऽ, फाटक उघडा!" ट्रॉली खालून गेली की सर बांबू उतरवत, तारेकडे मान वर करून पाहत आणि पुन्हा जेवायला येत. भाकरी गार झालेली असायची. एकदा एका ड्रायव्हरने विचारलं, "आबा, हिच्यावर येतंय तरी काय?" सर म्हणाले, "माणसं." तो म्हणाला, "मग उतरवून घ्या की दोन-चार, तोडीला माणूस मिळंना झालंय."

गावातल्या सगळ्यांना त्यांचा एकाच गोष्टीसाठी खरा राग होता. लाईट गेली की त्यांना आनंद व्हायचा. विहिरीवरच्या मोटारी थांबल्या, पाणी अर्ध्या सरीत थबकलं, लोक वीजमंडळाच्या नावाने बोटं मोडत निघाले, की हे उलट दिशेने घराकडे झपाझप चालायचे. मोटारींचे स्टार्टर, बल्ब, चार्जर, सगळ्यांची खरखर खालच्या पट्ट्यात उतरते. लाईट गेली की पट्टा धुतल्यासारखा स्वच्छ होतो आणि सरांचं यंत्र तर ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर चाले. "आज काय शांतता होती!" असं ते पारावर बोलून गेले, तेव्हा लोकांनी दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

ते हातात छोटा ट्रान्झिस्टर घेऊन शेताशेतांतून फिरत. त्यावर गाणं नसे, नुसती खरखर. ती जिकडे वाढेल तिकडे हे जात. असं करत करत एकदा शेजारच्या डाळिंबवाल्या तात्यांच्या कुंपणापाशी पोचले. रानडुकरांसाठी तात्यांनी झटका मशीन बसवलेलं. कुंपणाच्या तारेला गवत टेकलं, की प्रत्येक झटक्याला बारीक ठिणगी पडायची.

"तात्या, तुमच्या कुंपणाला गवत लागलंय."

"लागू दे की."

"दर सेकंदाला माझ्या कानात टक् होतंय."

"माझ्या बागंतलं डुक्कर बघू का तुमच्या कानातलं टक् बघू?"

दुसऱ्या दिवशी सर विळा घेऊन गेले आणि सगळ्या कुंपणाखालचं गवत स्वतः काढून आले. मग दर पंधरा दिवसांनी तेच. तात्या सगळ्यांना सांगत, "फुकटचा गडी मिळालाय मला. फक्त रेडू ऐकत काम करायची खोड हाय."

आता हे सगळं ज्याच्यासाठी चाले, ते सांगते. रोज दिवस उगवायच्या आधी, पाच वाजून वीस मिनिटांनी, सर यंत्रापुढे बसत. आंध्रातल्या समुद्रकाठच्या एका गावात त्यांचा मित्र होता. तारखात्याच्या प्रशिक्षणाला दोघं एका खोलीत राहिले होते, त्यानंतर पुन्हा कधी भेटले नाहीत. दोघं निवृत्त झाले, पुढे तारखातंही बंद झालं, आणि दोघांनी हौशी परवाना काढून ऐंशी मीटरवर एकमेकांना शोधलं. या रोजच्या बोलण्याला सर हजेरी म्हणत. टिंब आणि रेघांच्या जुन्या तारभाषेत, किल्लीच्या खटक्यावर बोट ठोकून बोलणं. तोडकी-मोडकी तारेची इंग्रजी, पण त्यात अर्धा-अर्धा तास गप्पा होत. फोनवर मात्र दोन मिनिटांत दोघं अडत. याला तेलुगू येत नाही, त्याला मराठी येत नाही, हिंदी दोघांची सारखीच वाईट. "फोनवर आमी दोन परके," सर म्हणत. "किल्लीवर सख्खे भाऊ."

मी उत्सुकतेने शेजारी बसू लागले आणि सरांनी मला ती भाषा शिकवली. परवाना हातात येईपर्यंत नुसतं ऐकायचं, किल्लीला बोट लावायचं नाही, हा नियम. पण मी त्यांची ऋणी आहे ती दुसऱ्याच एका गोष्टीसाठी. पदवीची सगळी वर्षं मी वर्गात एकही प्रश्न विचारला नव्हता. शहरातल्या मुली पुढच्या बाकावर. प्राध्यापकांचं इंग्रजी अर्धं कळायचं, अर्धं मी कळल्यासारखं दाखवायचे. घरात मीच पहिली पदवीपर्यंत पोचलेली, त्यामुळे चुकीचं विचारलं तर सगळ्या घराची फजिती होईल असं वाटायचं. तारभाषा शिकतानाही मी तेच करू लागले. सरांनी टिपलं.

"किती ऐकू आलं?"

"सगळं."

"खोटं. अर्धं बी न्हाय." त्यांनी वहीवर तीन अक्षरं लिहिली, ए जी एन. "ह्याचा अर्थ, पुन्हा सांगा. जगातला मोठ्यातला मोठा ऑपरेटर बी हे पाठवतो. आणि हे एक." त्यांनी आर लिहिलं. "म्हंजी मिळालं. मिळाल्याबगार आर द्यायचा न्हाय. तार हाय ती. कुणाच्या घरातला माणूस गेलेला असतो, आणि तुमी लाजून न ऐकता आर देता. पुन्हा विचारण्यात कमीपणा न्हाय, बाई. खोटा आर देण्यात हाय."

त्यानंतर मी माझ्या वर्गात सांगायला लागले, की कळलं नाही तर हात वर करा आणि पुन्हा सांगा म्हणा. आजही सांगते.

दिवाळीनंतर मला हळूहळू मित्राचं पाठवणं कळू लागलं. आधी ते पावसाच्या सरीसारखं यायचं, आता एकेक अक्षर सुटं ऐकू येई. माझे कान तयार झाले, या आनंदात मी होते. सर म्हणत, "गडी म्हातारा झालाय, हात जड पडलाय त्याचा." आणि म्हणत, "आवाज बी बारीक येतोय."

आवाज बारीक होत चालला म्हणजे तार बिघडली. सरांचं निदान ठाम होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही ती एकशे अठ्ठावीस फूट तार चार वेळा खाली घेतली. प्रत्येक जोड सोडवून चिंचेने घासला, पुन्हा डाग दिला. पोर्सेलीनचे इन्सुलेटर धुतले. पाइपापासून यंत्रापर्यंतची केबल बदलली. तरी आवाज बारीकच. मग आम्ही दोघं एसटीने बारामतीला गेलो, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात. सर दुकानदाराशी तांब्याच्या तारेबद्दल असे बोलत होते, जसं बायका लुगड्याच्या पोताबद्दल बोलतात.

"कुठली मोटार हाय आबा? पाच एचपी?"

"मोटार न्हाय. ऐकायला पायजे."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने मुकाट्याने भेंडोळं मोजून दिलं.

नवी तार चढवली. मी मीटर लावून तपासलं, काटा जिथे हवा तिथे. पदार्थविज्ञानाप्रमाणे त्या तारेत काहीही खोट नव्हती. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी सरांनी कपाळाला आठ्या घालून हेडफोन माझ्याकडे दिला. "बघा. नवी तार, तरी कसा खोल गेलाय. त्याचीच तार भिजली असंल."

मी हेडफोन कानाला लावला आणि झटक्यात काढला. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. मित्र शेजारच्या खोलीत असल्यासारखा दणदणीत येत होता.

सर माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "हो सर. बारीक आहे."

संध्याकाळी भाकऱ्या थापताना काकूंना सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. "मला दोन वर्सं झाली कळून," त्या म्हणाल्या. "आधी वाटलं, बायकोचं म्हणून ऐकत न्हाईत. मग शेळी वरडली तरी वळंनात, तवा कळलं. डॉक्टरकडं चला म्हणलं तर म्हणत्यात, तुझा आवाज माझ्या पट्ट्याबाहेर हाय."

"त्यांना सांगायला हवं, काकू."

"तू सांग. तुझा आवाज हाय पट्ट्यात."

मी सांगितलं नाही. एका माणसाने मला तोंड उघडायला शिकवलं आणि त्याच्याच पुढे माझं तोंड उघडेना. महिनाभर मी गप्प राहिले.

मग जूनमधली ती पहाट आली. माझ्यासाठी सरांनी दुसरा हेडफोन जोडला होता, मी सरावासाठी मित्राचं बोलणं वहीत उतरवत होते. मी लिहिलं: बायको न्हाणीघरात घसरली. खुबा मोडला. सोमवारी ऑपरेशन. मी फार घाबरलो आहे.

सरांनी किल्लीवर बोट ठेवलं आणि पाठवलं: आर, आर. फार छान. इकडेही हवा चांगली आहे.

पट्ट्यावर काही क्षण नुसती खरखर. मग पलीकडून दोन टिंबं आली. हजेरी संपल्याची त्यांची खूण ती. बास, एवढंच. तो निघून गेला.

सर हेडफोन काढून ठेवत होते. मी वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"हे कवा पाठवलं त्यानं?"

"आत्ता."

त्यांनी वही मिटून ठेवली. मग मी विचारलं, "सर, किती दिवसांपासून?"

"दिवाळीपासनं." त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "सिग्नल, मग हवा, मग रामराम. रोजचा क्रम ठरलेला. अंदाजानं देत होतो आर."

"तुम्हीच शिकवलंत ना, पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही."

"पुन्हा म्हंजी किती वेळा, बाई? एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्याला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"की ह्यो गडी आता कामाचा ऱ्हायला न्हाय."

ते उठून बाहेर गेले. मी माडीवरून पाहिलं, त्यांनी लिंबाची दोरी सोडली. वाळूचा डबा जमिनीवर आदळला आणि नवी कोरी तार शेतवाटेवर, गवतावर पडली. दुरुस्तीचं निमित्त नसताना तार खाली आलेली मी तेव्हाच पाहिली. ते खोडाला टेकून बसले. चहा नको म्हणाले, जेवायलाही आले नाहीत. शेळी तारेचा वास घेऊन गेली.

दुपारी काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या सरांच्या अगदी समोर, तोंड दिसेल अशा उभ्या राहिल्या आणि वाटेवरच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्याने म्हणाल्या, "तिकडं त्या बाईचा खुबा मोडलाय, आणि तुमी हितं रुसून बसलाय व्हय? उद्या तिची चौकशी कोण करणार? तुमचा लिंब? उठा. वर घ्या आधी ती तार."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. या वेळी आवाज पट्ट्यात होता. ते उठले. दोरी मी ओढली, पण शेवटचे दोन-तीन हात त्यांनी धरले आणि गाठ त्यांनीच मारली.

दुसऱ्या दिवशी पाच वीसला त्यांनी रामराम न करताच पाठवायला सुरुवात केली. काल मी खोटा आर दिला. तुझं काही ऐकलं नव्हतं. माझे कान गेले. शेजारी एक मुलगी आहे, ती लिहून देईल, मी वाचेन. वहिनी कशा आहेत? ए जी एन.

वहीऐवजी मी पाटी मांडीवर घेतली होती. उत्तर सावकाश आलं, एकेक अक्षर सुटं. मी लिहीत गेले आणि सर वाचत गेले. ठाऊक आहे. दिवाळीपासून ठाऊक आहे. म्हणून तर मी सावकाश पाठवतो. कालचं तुझं उत्तर दवाखान्यात तिला सांगितलं. फार छान म्हणालास ते. पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

सर पाटीकडे बघत राहिले. मी पुसायला फडकं उचललं, तर त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या जरा," म्हणाले.

आणि मला तेव्हा कळलं, माझे कान तयार झाले नव्हते. ऐकू येत नसलेल्या मित्रासाठी एक माणूस तिकडे आपला वेग कमी करत होता आणि त्यात माझं शिकणं झालं होतं.

पुढे दोन वर्षं मी पाटी धरली. माझा परवाना आला, तरी किल्ली सरांचीच. ऐकण्याचं यंत्र त्यांनी कानात घातलं, ते काकूंसाठी. रेडिओपुढे बसताना काढून ठेवत. स्पीकर उघडा करून त्याच्या पडद्यावर बोटांची टोकं टेकवत, शेवटच्या दोन टिंबांसाठी. "एवढं मला कळतं," म्हणत. "हे लिहू नका."

सर गेले तो ऊसतोडीचा हंगाम होता. त्यांना घराबाहेर आणलं तेव्हा वाटेवर दोन ट्रॉल्या येऊन थांबल्या होत्या. ड्रायव्हर खाली उतरला, ओट्याच्या कोपऱ्यातला बांबू त्याने स्वतः घेतला आणि तार वर धरून उभा राहिला, आम्ही सगळे खालून जाईपर्यंत.

आता मी बारामतीत असते, कायम नोकरीत. तिसऱ्या मजल्यावर राहते, तिथे वीस फूट तारही टांगता येत नाही. रविवारी पहाटेच्या हजेरीसाठी शनिवारी संध्याकाळीच काकूंकडे मुक्कामाला जाते. चिंच घेऊन जाते, महिन्याआड जोड घासते. किल्लीवर आता माझं बोट असतं. आंध्रातले काका त्यांच्या बायकोचं, तिच्या काठीचं, हवेचं सांगतात. अजूनही तसंच पाठवतात, एकेक अक्षर सुटं, सावकाश. माझे कान चांगले आहेत आणि मला याच्या तिप्पट वेगाने कळतं. सरांच्या नियमाप्रमाणे मी त्यांना तसं सांगायला हवं.

मी अजून सांगितलेलं नाही.